दोन इंची माणूस

उपेंद्ररावांनी जहाज बांधायला घेतलं, तोवर त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता. तोही अलिबागला, ओहोटीच्या वेळी. पण भोरच्या कचेरीतल्या अव्वल कारकुनाला आत्मविश्वास सरकारच पुरवतं, त्यासाठी समुद्राकडे हात पसरावा लागत नाही.

सहा वर्षं लागली. तीन फुटी जहाज, तीन डोलकाठ्या, शिडं शैलजाबाईंच्या रेशमी परकराची, त्यांना न विचारता कापलेली. कठडा तर असा नक्षीदार, की घरी आलेल्या पाहुण्याला आधी तो बघावा लागे, मगच पोहे मिळत. सगळे वाहवा करत. भूक कुणाला नसते?

एकाहत्तर साली गावच्या वाचनालयाची नवी इमारत झाली. तिथं काचेच्या कपाटात हे जहाज ठेवायचं आणि उपेंद्ररावांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. रविवारी समारंभ, पाहुणे म्हणून बोटीवरचे एक निवृत्त कप्तान. कप्तान म्हटल्यावर मात्र उपेंद्रराव रात्री उठून जहाज तपासू लागले.

“एकदा कुणा जाणत्याला दाखवा की,” शैलजाबाई म्हणाल्या. “विंझरच्या कुंडलिकरावांनी मुंबईत अठ्ठावीस वर्षं असलीच जहाजं केली म्हणे. बोट कंपन्यांच्या हापिसात ठेवायला.”

“तो पोटासाठी करत होता. माझी साधना आहे.”

“मग साधना घ्या मांडीवर आणि बसा एसटीत.”

शुक्रवारी रजा टाकून, नसरापूरला गाडी बदलून, चादरीत गुंडाळलेलं जहाज लेकरासारखं सांभाळत ते विंझरला पोचले. कुंडलिक अंगणात कुदळीचा दांडा तासत होते.

“हे बघ कुंडलिक, दोष काढायला नाही आणलेलं. तुझ्यासारख्यानं नुसतं बरं म्हटलं की झालं.”

कुंडलिकांनी दांडा खाली ठेवला, उपेंद्ररावांकडे एकदा पाहिलं आणि जहाजाभोवती फेरी मारली.

“खरं जहाज किती लांबीचं धरलंया?”

“शंभर फूट.”

त्यांनी लाकडाची एक ढलपी उचलली आणि चाकूनं कोरायला बसले. चहा होईतो दोन इंची माणूस तयार. डोकं, खांदे, दोन पाय. नाकडोळे नाहीत.

“आमी आधी ह्याला करायचो, मग जहाज. तुमच्या मापानं माणूस एवढाच बसतोय. आता फिरवू या ह्याला.”

माणूस जिन्यापाशी गेला. एकेक पायरी त्याच्या कमरेएवढी. खोलीचं दार त्याच्या बेंबीपाशी संपलं. मग कुंडलिकांनी त्याला कठड्याच्या आत उभा केला आणि माणूस दिसेनासाच झाला.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, रतनबाईंनी, वाकून पाहिलं. “आगं बया! ह्यो ग्येला कुठं?”

“आत हाय. दारातनं शिरता यीना, आन् कठड्यावरनं समिंदर दिसंना. जहाज न्हवं, कोंडवाडा झालाय.”

उपेंद्ररावांचे कान तापले. “हौसेचं काम आहे. इतकं कोण मोजत बसतंय?”

“कप्तान. पेटीची काच लावायच्या आदी त्या बोटीचा कप्तान यायचा आमच्या कारखान्यात. नक्षीकडं बघायचा बी न्हाई. आपुन डेकावर कुठं हुबा ऱ्हायचो, त्येवढं बोटानं हुडकायचा. तितं चुकलं की अख्खं जहाज माघारी. हौशेला कोन माघारी धाडतंय साहेब? लोक नक्षी बघत्यात, च्या पित्यात, जात्यात.”

चहा निवून गेला, तरी उपेंद्ररावांनी कप उचलला नव्हता. “कुंडलिकराव, रविवारी वाचनालयात शाल द्यायचीय मला, कप्तानही यायचेत. तुम्ही दोन दिवसांत नीट करून द्याल?”

“न्हाई. म्या हात लावला की ते माजं हुईल. तसंच ठिवा. शाल तर मिळतीया की!” आणि तो माणूस त्यांनी उपेंद्ररावांच्या हातावर ठेवला. “ह्याला न्ह्या सोबतीला.”

शनिवारी दुपारी उपेंद्ररावांनी ओसरीवर पक्कड घेतली. सहा वर्षांतले चौदा महिने एकट्या कठड्याला गेले होते. पहिला तुकडा निघाल्याचा आवाज झाला तशा शैलजाबाई पोळपाट सोडून बाहेर आल्या. त्यांनी थांबवलं नाही. नुसत्या शेजारी बसून तुकडे पदरात गोळा करत राहिल्या.

रविवारी वाचनालयात बोडकं जहाज मांडलं गेलं. जागोजाग सरसाचे डाग, आणि काठाशी तो दोन इंची माणूस. कप्तान वाकले. त्यांचं बोट डेकवरून सावकाश फिरलं आणि थांबलं.

“जिना चुकलाय.”

“हो,” उपेंद्रराव म्हणाले. “दारही चुकलंय. दोन्ही काढायचीत.”

वाचनालयाचे अध्यक्ष आनंदराव हातात शाल घेऊन ताटकळले होते. “अहो, पण कठडा का उपटलात? सगळी शोभा त्याचीच होती!”

“माणसाला समुद्र दिसत नव्हता.”

“लाकडाचा तो! त्याला काय डोंबल दिसायचंय?”

उपेंद्ररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. कुदळीचा दांडा खाली ठेवून कुंडलिकांनी पाहिलं होतं, अगदी तसं. मग त्यांनी जहाज चादरीत गुंडाळलं, माणूस खिशात टाकला आणि शाल न घेताच पायऱ्या उतरले.

नारळ मात्र शैलजाबाईंनी उचलला. घरात चटणीला नव्हता.