चाकाखालचं लिंबू

साकीनाक्याला आमचा फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि चार कामगार. एशियाडच्या वर्षी माझ्या नवऱ्याने, अनंतने, तिथे मोटार बनवायला घेतली. तीही साधीसुधी नाही. पुढून निमुळती, मागे उंच, लाकूड फोडायची पाचर आडवी ठेवावी तशी. दोनच सीट, वर उघडणारी दारं, रंग पिवळाधमक. अशी गाडी देशात दुसरी नाही, असं तो येईल त्याला सांगायचा. तिच्यात इंजिन नाही, हे मात्र मला सांगावं लागायचं.

इंजिन एक मोठी कंपनी देणार होती. आज देतो, उद्या देतो करत त्यांनी अनंतला झुलवत ठेवलं.

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. गाडीलाही झेंडूचा हार. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं काम माझं. लोकांच्या गाड्या लिंबू चिरडून निघतात; आमची जागची हलायची नाही. लिंबू तिथेच वाळून खडा व्हायचं आणि पुढच्या दसऱ्याला मी ताजं ठेवायची. दर वर्षी अनंत दार वर उचलून म्हणायचा, मालन, नुसती बसून तर बघ. मी ठणकावून सांगायची, चालेल तेव्हाच बसेन, आणि पहिली फेरी खारदांड्याला, समुद्रावर. खरं तर मला त्या गाडीत बसायची इतकी हौस होती की स्वप्नातही तिचं दार उघडायचं. पण उभ्या गाडीत बसले असते, तर ती चालणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

शेवटी कंपनीने सरळ नाही म्हटलं. त्याच सुमारास जुहूच्या एका हॉटेलवाल्याला गाडी आवडली. त्याला ती दाराशी चौथऱ्यावर, दिव्यांखाली मांडायची होती. इंजिनाची गरजच नव्हती. अनंतने आठवडा घेतला, मग हो म्हणाला.

टेम्पो आला तो दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी. गल्ली अरुंद, म्हणून तो नाक्यावरच थांबला. तिथवर गाडी ढकलत न्यायची होती. अनंत स्टिअरिंगवर बसला, कामगार मागे लागले. मी रागाने बघत उभी होते. राग कुणावर, ते कळत नव्हतं. मग पदर खोचला, पलीकडचं दार वर उचललं आणि आत बसले. पाटावर बसावं इतकी ती सीट खाली होती.

अनंतने माझ्याकडे पाहिलं. "चालत नाहीये गं ती."

"माहितीये. चल तू."

कामगारांनी जोर लावला. चाक हललं आणि लिंबू फुटलं. त्याचा वास आत आला.

अनंत खड्डे चुकवत होता. कोपऱ्यावर त्याने हात बाहेर काढून वळायचा इशाराही दिला. मागे माणसं धापा टाकत होती. मला रडू येत होतं, आणि ही गल्ली संपू नये असंही वाटत होतं.

नाक्यावर टेम्पोची मागची फळी खाली सोडलेली दिसली. अनंतने हळूच ब्रेक दाबला.

"उतर," तो म्हणाला. "खारदांडा आला."