गोळीतलं गाजर

लिफ्टवाल्यांनी ताटातली गाजरं कडेला ओळीनं लावून ठेवली आणि ते हात धुवायला उठले, तेव्हा मावशींना आधी वाटलं, दाढ दुखत असेल.

"गाजरं राहिली," त्या म्हणाल्या.

"राहिली नाहीत, ठेवलीत. गाजर सकाळीच झालंय माझं." त्यांनी फडताळावरच्या हिरव्या बाटलीकडे मान वळवली. "गोळीतून. पालकही झालाय आणि बीटही. उगाच दोनदा कशाला?"

मावशींनी बाटली खाली काढली, चष्मा लावला आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. पालक, गाजर, बीट, भोपळा, कोबी. त्यांच्या पिशवीत बाजारातून जे आलं होतं तेच सगळं, फक्त वाळवून, दळून आणि गडद हिरव्या कॅप्सूलमध्ये बंद करून. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय हे त्यांना त्या घटकेला नीट कळलं.

कारण मावशींचं उभं आयुष्य शाळेच्या कँटीनमध्ये गेलं होतं, आणि तिथे त्यांचं खरं काम स्वयंपाकाचं नव्हतं, लपवण्याचं होतं. पालक बघून तोंड फिरवणाऱ्या पोरांच्या पोटात पालक घालायचा आणि त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. भोपळा सॉसमध्ये जायचा, दुधी कटलेटमध्ये. कित्येक पोरं 'आम्ही भाजीला शिवत नाही' असं अभिमानानं सांगत धडधाकट मोठी झाली. मावशी हे नाव पोरांनी दिलेलं. पुढे शिक्षक तेच म्हणू लागले आणि शेवटी नवराही, म्हणजे लिफ्टवाले.

लिफ्टवाले मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचे. आवाज यायच्या आधी तेल घालायचं, दोर तुटायच्या आधी बदलायचा, हा त्यांचा नियम. हा नियम माणसालाही लावावा असं त्यांच्या मनात पूर्वी कधी आलं नव्हतं. पण एकदा एका इमारतीत लिफ्ट बंद पडली म्हणून ते आणि त्यांचे सुपरवायझर जिन्यानं वर निघाले, आणि सुपरवायझर मधल्याच मजल्यावर छातीला हात लावून खाली बसले. लिफ्ट दुरुस्त झाली. सुपरवायझर झाले नाहीत.

त्यानंतर लिफ्टवाल्यांनी रक्त तपासून घेतलं. ते जरा कमी भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी नीट जेवा. पालेभाज्या, डाळी, अंडी. काही आठवड्यांनी पुन्हा बघू. तेव्हाही कमीच निघालं तर कशाची गोळी लागेल ते मी सांगेन. सगळ्यांना सगळं लागत नसतं." एवढ्या सगळ्यातून लिफ्टवाल्यांनी 'गोळी' हा शब्द तेवढा घरी आणला. त्यात सुपरवायझर गेल्यावर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरबसल्या असल्या बाटल्या विकायला सुरुवात केली होती. भीतीही होती आणि भीडही होती, मग बाटली यायला कितीसा वेळ लागणार?

गाजरं अशी रोज ताटाच्या कडेला बसू लागली. मग शेजारी कोबी येऊन बसला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस," लिफ्टवाले म्हणाले, "तुझं जेवण चवीला आहे, गोळी तब्येतीला."

इतकी वर्षं रांधून वाढल्यावर मावशींच्या स्वयंपाकाची गणना आता तोंडीलावण्यात झाली होती. त्यांना ते फार लागलं. भांडायला त्या कमी नव्हत्या, पण तोंड फिरवणाऱ्या पोराशी कोणी भांडत बसत नाही, हे त्या कँटीनमध्येच शिकल्या होत्या.

लिफ्टवाले कामावर गेल्यावर मावशींनी ओट्यावर स्वच्छ फडकं पसरलं. एकेक कॅप्सूल धरायची, टोपण पिळून काढायचं, आतली हिरवी भुकटी वाटीत ओतायची. मग टोस्ट खलबत्त्यात कुटून, चाळून, तो चुरा काडीनं आत दाबायचा आणि टोपण बसवायचं. काम किचकट होतं, पण बारीक कामाची त्यांना सवय होती. बाटली होती तशी फडताळावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाल्यांनी टोस्टची कॅप्सूल पाण्याबरोबर घेतली आणि छाती पुढे काढून म्हणाले, "फरक जाणवतो गं."

"जाणवणारच," मावशी म्हणाल्या.

इकडे त्यांनी आपलं जुनं शस्त्र बाहेर काढलं. गाजर, बीट, पालक, मसूर, सगळं शिजवून, इतकं बारीक वाटून त्याचं सूप करायचं, की त्यातून वेगळं काढून कडेला लावायला काही उरूच नये. बघू या आता कोण जिंकतं!

अडचण एकच होती, ती हिरवी भुकटी. फेकावी म्हणून मावशी वाटी घेऊन मोरीपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, हे एक झालं. पण दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नाही. समजा, या भुकटीत खरंच काही गुण असला तर? सुपरवायझरांच्या घरीही रोज गरम जेवण शिजत होतंच की. शेवटी त्यांनी भुकटी डब्यात भरली, आणि रात्रीचं सूप वाढताना चमचाभर लिफ्टवाल्यांच्या वाडग्यात टाकून ढवळली. आपलं सूप त्यांनी पातेल्यातून साधंच घेतलं. त्यांना स्वतःला कुठे गुण हवा होता?

लिफ्टवाल्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि ते थोडे थांबले. समोर मावशी चवीनं सूप पीत होत्या. लिफ्टवाल्यांनी वाडगा संपवला.

"कसं झालंय?"

"छान झालंय."

रोज छानच व्हायचं. वाडगा रोज पुसल्यासारखा रिकामा व्हायचा. मावशींना बरं वाटायचं, पण पुरतं वाटायचं नाही. नवऱ्याच्या गालांवर तजेला आला, तो जिने चढताना धापा टाकेना, आणि श्रेय कोणाला द्यायचं ते काही ठरेना. सुपाला द्यावं तर त्यात भुकटी होती. भुकटीला द्यावं तर ती सुपातून जात होती. टोस्टचा तर प्रश्नच नव्हता, पण लिफ्टवाले कौतुक करत होते ते टोस्टचंच.

रक्त पुन्हा तपासलं तेव्हा ते चांगलं वाढलेलं निघालं.

"अरे वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय बदललंत?"

लिफ्टवाल्यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. शेजारी बसलेल्या मावशींनी पर्स उगाच उघडून बघितली. डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं, एक कॅप्सूल कागदावर उघडली, चुरा बोटानं पसरला आणि हुंगला.

"हा टोस्ट आहे का?"

"सगळ्या भाज्यांचा अर्क आहे," लिफ्टवाले म्हणाले.

"भाज्यांना भाजल्याचा वास येतोय," असं म्हणून त्यांनी कागदाची पुडी केली आणि बाटलीसकट परत दिली. "हे असू द्या. जेवताय ना, तसंच जेवत राहा."

बाहेर रस्त्यावर आल्यावर लिफ्टवाले भरभर चालू लागले. मग चौकात घराकडे वळायचं सोडून उजवीकडे वळले.

"कुठे निघालात?"

"वहिनींकडे. नवरा गेला म्हणून आपण बाटल्या घेतल्या, आणि त्यांनी आपल्याला टोस्ट विकला! एक शब्द वाकडा बोलणार नाही. बाटली समोर ठेवीन आणि निघून येईन."

हे वाकड्या शब्दापेक्षाही वाईट झालं असतं, हे मावशींना कळत होतं. त्यांनी लिफ्टवाल्यांची बाही धरली.

"अहो, थांबा. टोस्ट मी भरलाय."

लिफ्टवाले थांबले. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळता आदळता वाचला आणि काहीतरी पुटपुटत पुढे गेला.

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

"आणि आतलं काय केलंस?"

"तुमच्या सुपात घातलं. रोज चमचाभर." मग एकदा सुरुवात झालीच होती म्हणून मावशींनी उरलेलंही सांगून टाकलं. "गाजरं बाजूला काढायचात ना, ते मला लागलं होतं. म्हटलं, माझ्या जेवणानं बरे होतात की नाही ते दाखवू. पण भुकटी फेकायला हात होईना. त्यातच काही गुण असला आणि मी तो मोरीत ओतला असता तर? माझा माझ्याच सुपावर भरवसा राहिला नाही हो." हे बोलताना त्यांचा आवाज हलला, आणि त्याचा त्यांना राग आला.

लिफ्टवाल्यांनी बोटानं स्वतःकडे दाखवलं.

"म्हणजे फक्त माझ्याच वाडग्यात?"

"हो."

"तुझं सूप साधं होतं?"

"साधं होतं. का?"

"कडू असायचं माझं. आणि गवतासारखा वास यायचा. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू समोर बसून आवडीनं पीत होतीस." लिफ्टवाल्यांनी घसा खाकरला. "मला वाटलं, तुझी चव गेली. जन्मभर ज्या बाईनं दुसऱ्यांना चव दिली तिला हे सांगायचं कसं? म्हणून संपवत होतो. चव परत यायला गोळी मिळते म्हणतात. वहिनींकडून ती बाटलीही आणून ठेवलीय, हत्यारांच्या पिशवीत. द्यायला धीर होत नव्हता."

इतके दिवस हा माणूस कडू पाणी छान म्हणून पीत होता, आणि मावशी मात्र त्यानं बाजूला काढलेली गाजरं मोजत बसल्या होत्या. त्यांना भर रस्त्यात रडू आलं. लिफ्टवाल्यांना रस्त्यातल्या रडण्याची सवय नव्हती. त्यांनी पुडीचा कागद उलगडला, त्यातला चुरा झटकला आणि कागद डोळे पुसायला पुढे केला.

वहिनींकडे जायचं राहिलं. घरी आल्यावर मावशींनी गाजरांचे मोठाले तुकडे टाकून, न वाटता, भुकटीशिवाय सूप केलं आणि एकाच पातेल्यातून दोन वाडगे भरले. वहिनींची हिरवी बाटली फडताळावर परत आली नाही, कुठे गेली ते कोणी विचारलं नाही. लिफ्टवाल्यांनी गाजराचा तुकडा चमच्यात घेतला, फुंकर घातली, चावून खाल्ला. मावशींचा चमचा हवेतच थांबला होता.

"कसं झालंय?"

लिफ्टवाल्यांनी आणखी एक चमचा घेतला आणि नीट विचार केला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मावशी मीठ आणायला उठल्या. बरणी हाताशीच होती, पण ओट्याकडे तोंड करून त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.