बटणावरचं झाकण

माझ्या भाच्याच्या शिंकेने एकदा अख्खं हॉस्पिटल बंद पडलं होतं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. सांगायचं मी सोडणार नाही.

अतिदक्षता विभागात कोणाला खाट द्यायची आणि कोणाची काढायची, हे तिथे यंत्र ठरवायला लागलं होतं. सरकारने कायदा केला: यंत्राशेजारी जिताजागता माणूस बसवा, निर्णय चुकीचा वाटला की त्याने लाल बटण दाबून तो रोखायचा. ती नोकरी भाच्याला लागली. लोक त्याला थांब्या म्हणू लागले. माझी बहीण तर भाजीवालीलाही सांगायची, "यंत्र असेल हो मोठं, पण माझ्या पोराच्या बोटाखाली आहे."

पहिल्याच आठवड्यात शिंक आली, नाक बटणावर आपटलं, आणि लिफ्टसुद्धा जागच्या जागी थबकल्या. आत अडकलेल्या डॉक्टरांना म्हणे बाहेर येईतो दाढी आली. मग हॉस्पिटलच्या समितीने बटणावर काचेचं झाकण बसवलं. पुसताना उघडू नये म्हणून कुलूप. किल्ली समितीच्या कपाटात. काच अशी, की वर हत्ती नाचवा. पुढे पेशंटांचे नातेवाईक गळ घालायला लागले, तेव्हा आपल्या माणसासाठी कोणी बटण दाबू नये, हा नियम थांब्यानेच सुचवला. "सुरक्षितता वाढतेय, मामा," म्हणायचा.

आणि मग बहिणीच्याच फुप्फुसांनी दगा दिला, तिला त्याच विभागात ठेवलं. एका दुपारी पडद्यावर उमटलं: सुधारणेची शक्यता कमी, खाट मोकळी करावी. मी तिचा चष्मा घेऊन थांब्याशेजारीच बसलो होतो.

त्याने समितीला फोन लावला. "साहेब, किल्ली पाठवा. सकाळी ती आपली आपण उठून बसली, यंत्राने ते हिशेबात धरलंच नाही."

"पेशंट कोण तुमची?"

"आई."

"अहो, मग तुम्ही कसं दाबणार? बदली माणूस दाबेल."

"कधी येईल तो?"

"ते यंत्र ठरवतं. चोख आहे हो कामाला, उद्या सकाळचा माणूस दिलासुद्धा."

"खाट आत्ता काढतायत!"

"कळतंय मला," साहेब म्हणाले. खरंच कळत असावं, आवाज बसला होता त्यांचा. "पण नियम तुमचाच ना?"

मी काठी उचलली. "मामा, नको," म्हणत थांब्या बाजूला सरकला, म्हणजे मारा असंच म्हणत होता. ठेवून दिली एक. काठीचे दोन तुकडे. काचेवर चरासुद्धा नाही. कायदा खरोखर मजबूत केला होता मेल्यांनी.

तेवढ्यात ट्रॉली बाहेर आली. बहिणीने मास्क खाली ओढला. "घाबरू नकोस रे," ती धापा टाकत पोराला म्हणाली. "मी सांगितलंय सगळ्यांना, तू आहेस म्हणून."

थांब्या दोन्ही तळवे काचेवर दाबून उभा होता. खाली बटण लालभडक, नवंकोरं.

मी तिचा चष्मा घेऊन ट्रॉलीमागे धावलो. तेवढंच हातात होतं.