अंतऱ्यातला श्वास

माझ्या नवऱ्याला दमा होता आणि तो गुरुद्वाऱ्यात पेटीवर बसून शबद गायचा. वाहेगुरूने जोडी बरी जमवली! अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत त्याला हटकून धाप लागायची. तेवढ्यात तबल्यावरचे माझे दीर एक छोटा तुकडा वाजवायचे, त्याला श्वास मिळायचा, आणि समोर बसलेल्या संगतीला वाटायचं, काय सुंदर बसवलंय! भावाभावांनी हे शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

तो गेला. पेटीवर आता माझी लेक बसते. तिची छाती ठणठणीत. ती ओळ ती एका दमात म्हणते. पण दिरांचा तुकडा तिथे येतोच. मग ती अडखळते, सूर निसटतो, आणि बायका डोळे पुसत म्हणतात, "ते इथेच आहेत." माझ्या अंगाची लाही लाही होते. अहो, समोर जिवंत मुलगी गातेय, तिला ऐका की!

गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष, ते टायरचं दुकान चालवणारे, तर स्पष्टच बोलले, "वहिनी, पोरगी गुणी आहे. पण रविवारी पुन्हा चुकली तर बाहेरून गायक आणावा लागेल." लेकीचं जेवणातलं लक्षच उडालं. लहानपणापासून तिला वडिलांच्याच जागी बसायचं होतं.

मी दिरांना धारेवर धरलं. "भाऊजी, तेवढा तुकडा सोडा. हात जोडते."

"ठरवून बसतो हो मी," ते म्हणाले. "पण तिथे आलं की तो श्वास ओढताना ऐकू येतो. त्याला तसाच कसा सोडू?"

मलाही ऐकू येतो.

रविवारी ती ओळ आली. मी ओढणी मुठीत आवळली. दिरांचा तुकडा वाजला आणि लेक थांबली. बरोब्बर तिथेच, तेवढीच. मग तिने ओळ अलगद उचलली. अध्यक्ष बाहेर चपला घालताना म्हणाले, "हुबेहूब वडील! आता जागा तिचीच."

घराच्या जिन्यात मी विचारलं, "मध्ये थांबायचं काकांनी सांगितलं होतं का गं?"

"मी कुठे थांबले, आई?" ती हसली. "एका दमात तर म्हटलं."

पहिल्या मजल्यावर तिने कठडा धरला. "जरा थांब," म्हणाली. हा जिना ती कायम धावत चढायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले, नवऱ्याच्या फिरवायचे तसा.