कान्हूचा पाय आणि डुकराचा वाटा

टण्ण.

पितळी तांब्यावर नख वाजलं, आणि धुक्यात भिजून गप्प बसलेलं घर जागं झालं. केशर चुलीपुढून उठली. तिच्या नवऱ्याला, कान्हूला, पाणी हवं होतं.

लाकूडतोडीत पाय मोडल्यापासून तो घोंगडीवरच होता. हाड सांधलं, बांबूच्या कामट्याही सुटल्या; पण पाय भाताच्या काडीसारखा बारीक होत चालला. 'दुखंल,' म्हणून केशर त्याला उठू देत नव्हती. घास तोंडाशी, तांब्या हाताशी. पेरणीपर्यंत तो उभा राहिला नाही तर? त्याच्या पुढं तिचं मन जाईना. काळी नदीवरच्या धुक्यासारखं काठावरच रेंगाळत राही.

त्या सकाळी शेजारचा झिलू पानात बांधलेला वाटा ठेवून गेला. शिकारीला न आलेल्या घरालाही रानडुकराचा वाटा द्यायची गावची रीत. तुळजाकाकी, गावची सुईण, मांस चिरायला बसली. तिच्या गुडघ्याला टेकून केशरची धाकटी लेक, फुला.

"हे बघ गो," काकीनं मांडीचा तुकडा उजेडात धरला. "कसं दोरे दोरे हायत. हे हुकमाचं मांस. चाल म्हटलं की चालतंय. कुणी सांगितलंच न्हाई, तर ऐदी जावयावाणी झोपतंय आणि वाळतंय."

"आणि हे?" फुलानं बुळबुळीत आतडं बोटानं दाबलं.

"ह्याला कुणी सांगाय लागत न्हाई. आपलं हळूहळू घास फुडं ढकलतंय. तुझ्या आयेची पिशवीबी असलीच. तिनंच तुला भाईर ढकललं. आये नुसती बोंबलत हुती!"

केशर हसली. घोंगडीवर कान्हूही हसला, किती दिवसांनी.

मग काकीनं हृदय तळहातावर घेतलं. त्यातही दोरे होते, पण फाटे फुटून परत एकमेकांत शिरलेले, वेलींच्या जाळीसारखे. "हे दोन्हींवेगळं. दोरे मांडीवाणी, पण हुकूम कुणाचा घेत न्हाई. आणि थांबत न्हाई."

केशर बघतच राहिली. कान्हूचा पाय आपसूक चालू लागेल, नुसता दुखू नये, एवढंच तिला वाटत आलं होतं. पाय तर हुकमाची वाट बघत पडला होता. आणि हुकूम तीच अडवून बसली होती.

धुकं निवळलं. पानांतून गाळलेला हिरवट उजेड घरात उतरला. केशरनं तांब्या उचलून उंबऱ्यापाशी नेऊन ठेवला.

"केशर, तांब्या?"

"हाय की. दारात."

"पाय माझा मोडलाय. तुझी अक्कल कुठं मोडली?"

"मला नका सांगू. पायाला सांगा." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं, डोळे त्याला दिसायला नको होते.

मग घोंगडी सरकली. खांबाला नखं घासली. ती वळली, तर कान्हू उभा! वाळलेली मांडी नुकत्या जन्मलेल्या वासरासारखी थरथरत होती. एक पाऊल. अजून एक. मग तो उंबऱ्यावर धपकन बसला आणि घटाघटा प्याला; अर्धं पाणी छातीवर सांडलं.

फुला धावली. त्या ओल्या छातीला कान लावून डोळे मिटून ऐकत राहिली.

"आये," ती हळूच म्हणाली, "शिकारीत पळाला त्याला वाटा, न्हाई पळाला त्यालाबी वाटा. हे आत केवढं पळतंय!"

"व्हय गो."

"मग ह्याला वाटा कोण देतं?"

केशरनं कान्हूकडं बघितलं. कान्हूनं तांब्याच्या तळाशी उरलेला घोट तिच्यापुढं धरला.