सिनेमा पाहिलेला हात

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. उत्तर भारतातल्या एका शहरात, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींचा रविवारचा मेळावा एरवी वीस-पंचवीस डोक्यांचा, पण आज शेजारपाजारची बिऱ्हाडंही आली होती. विपुलचा हात लाल झाला होता ना! बँकेत नोकरी करणारा, धडधाकट विपुल, आणि त्याच्या पंज्यावर महाराजांनी पिवळी हळद चोळताच पंजा रक्तासारखा लाल! बायकांनी तोंडावर पदर धरले.

"देखा? फ़िल्म देखने का पाप हाथ पर बोल रहा है!" महाराज गरजले. "हल्दी माता झूठ नहीं बोलतीं, बच्चा!"

फिल्म म्हणजे तोच तो सिनेमा. त्यात देव रजेवर जातो आणि भक्त त्याच्या जागेवर हंगामी माणूस नेमतात. शहरात त्यावरून नुसता गदारोळ उठला होता. थिएटरवरचे फलक फाडले, बाहेर पोलीस बसले. सिनेमा न बघताच चिडलेले लोक बघितलेल्यांच्या दसपट होते.

उल्हासराव मागच्या खुर्चीत घाम पुसत बसले होते. रेल्वेतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेला, सहासष्ट वर्षांचा माणूस. बायको मंजिरी गेल्याला दोन वर्षं झाली होती. लेक सानिका बंगळुरूला, फोनवर "पापा, खाना खा लिया?" एवढंच विचारायची. घरात बोलायचं कुणाशी? भिंतीशी? सबंध आठवड्यात माणसाशी बोलणं व्हायचं ते या मेळाव्यात. दुपारच्या खेळाला जाऊन ते एकटेच तो सिनेमा बघून आले, पोट धरून हसले, आणि आनंदाच्या भरात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून बसले : 'फार दिवसांनी मनसोक्त हसलो. जरूर बघा.' झालं! विपुल आणि मंडळातल्याच क्षितिजानं खाली 'आम्हीही बघितला' असं लिहिलं. मंडळाचे सेक्रेटरी जगदीशराव हादरले आणि त्यांनी महाराजांना बोलावणं धाडलं. येण्याआधी महाराजांच्या शिष्यानं जगदीशरावांकडून तिघांची नावं व्यवस्थित विचारून घेतली होती.

विपुलनं नाक घासून माफी मागितली. महाराजांनी लाल पंज्यावर लिंबू पिळलं, आणि लाल रंग उतरून हात परत पिवळा! "क्षमा हो गई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. क्षितिजाचंही तसंच झालं. मध्ये जगदीशरावांनी हौसेनं आपला हात पुढे केला, शिष्यानं त्यावरही पाणी ओतलं, पण हळद लावल्यावर तो पिवळाच्या पिवळा राहिला. ते कसे फुगले म्हणता!

मग उल्हासरावांचं नाव पुकारलं. शिष्यानं त्यांच्या हातावर तांब्यातून गंगाजल ओतलं, महाराजांनी हळद चोळली. हात लाल.

"मानून टाका हो," जगदीशराव कानाशी आले. "दोन शब्दांचं काम. नाहीतर लोक म्हणतात, उद्यापासून तुम्हाला बोलवायचं नाही."

रविवारही गेला तर उरलं काय? त्यांनी खरंच हात जोडले. "चुकलं माझं," असं पुटपुटलेही. महाराजांनी लिंबू उचललं आणि पिळलं. लाल उतरून पिवळा दिसायला लागला, तशी उल्हासरावांच्या कपाळावर आठी पडली.

कारण हे त्यांनी पाहिलं होतं! मंजिरी गेल्यावर धुणं स्वतःच करायची पाळी आली. बनियनवर वरण सांडलं, साबण लावला तर डाग लालभडक. घाबरून त्यांनी लिंबू चोळलं, तर पुन्हा पिवळा. त्या दिवशी हे कुणाला सांगावं, हेसुद्धा सुचलं नव्हतं.

"थांबा महाराज," ते म्हणाले. "शिष्याकडं तांबे दोन का आहेत?"

"एक गंगा का, एक जमुना का!"

"मग माझ्या हातावर ज्यातलं ओतलंत, त्याच तांब्यातलं पाणी तुमच्याही हातावर घ्या, आणि हळद लावा."

महाराजांनी हात झटकन कफनीत घातले. "गुरु की परीक्षा लेते हो? भस्म हो जाओगे!"

"होतो तर होतो. तोवर बेसिनवरचा साबण आणा कुणीतरी."

क्षितिजानं पळत जाऊन साबण आणला. उल्हासरावांनी जगदीशरावांचा पिवळा हात धरला आणि त्यावर ओला साबण घासला. बघता बघता हात लाल!

"जगदीशराव, तुम्ही कुठल्या खेळाला गेला होतात?"

पुढं बसलेल्या ऐंशीच्या वसुधाताई खो खो हसल्या. "अगं बाई! हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतोच! जन्मभर धुणी धुतली, आणि आज इथं हात जोडून बसले होते!"

"त्या तांब्यात धुण्याचा सोडा आहे," उल्हासराव म्हणाले. "ज्यांची नावं आधी कळली होती, त्यांना त्यातलं पाणी. बाकीच्यांना साधं. पाप हळदीला कळत नाही हो, सोडा कळतो. देव मानायचा तर माना, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण कुणी चमत्कार दाखवला की आधी एवढं विचारा : हात कुठल्या पाण्यानं धुतला?"

शिष्यानं दोन्ही तांबे उचलले आणि महाराजांसकट मागच्या दारानं पोबारा केला.

पण कुणी उल्हासरावांची पाठ थोपटली नाही. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यापेक्षा डोळे उघडणाऱ्याचाच राग जास्त येतो. लोक माना खाली घालून निघून गेले. जगदीशराव जाता जाता म्हणाले, "खरं असेल तुमचं, पण चारचौघांत?" पुढच्या रविवारचा निरोप आला नाही. त्या रविवारी संध्याकाळी उल्हासराव चपला घालून दाराशी बसून राहिले. रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

मंगळवारी फोन वाजला. वसुधाताई होत्या.

"उल्हास, तो सिनेमा लागलाय का रे अजून?"

"तुम्ही? अहो, तुम्ही रोज पूजा करता."

"करते की. उद्याही करीन. बुद्धी देवानंच दिली म्हणतात ना? मग ती वापरली म्हणून तो कशाला रागावेल? मला रस्ता ओलांडता येत नाही एकटीला. येशील न्यायला?"

उल्हासरावांनी फोन कानाशी धरूनच पेपरातली खेळाची वेळ बघितली. मग ते म्हणाले, "येतो. तीनच्या खेळाची दोन तिकिटं काढतो."

"तीन काढ," ताई म्हणाल्या. "क्षितिजा इथंच बसलीय. तिला पुन्हा बघायचाय."