वीराच्या पाठीवरचे पट्टे

मी एक जुने चिलखत आहे. मित्रांनो, लगेच दबकू नका, मी लोखंडाचे नाही. एका नाटकमंडळीच्या रंगाऱ्याने मला रद्दी कागदाच्या लगद्यातून घडवले आणि वरून पितळी रंग दिला. छातीवर असे फुगीर स्नायू काढले, की पैलवानानेही मान खाली घालावी. म्हणतात ना, बडा घर पोकळ वासा!

आमच्या नाटकातला वीर राक्षसाला मारतो. त्याची आई रडते, सारे गाव रडते. तो रडत नाही आणि घाबरत तर मुळीच नाही. ही भूमिका आधी मंडळीतले जुने नट करत, सगळे त्यांना थोरले म्हणत. मंडळींची एक रीत होती. प्रवेशाआधी वीराने श्वास सोडायचा आणि दुसऱ्याने माझे पाठीमागचे पट्टे खेचायचे, म्हणजे पोट आत जाते आणि छाती पुढे येते. त्यानंतर पडदा उघडेपर्यंत वीराने चकार शब्द काढायचा नाही. लोक म्हणत, "काय छाती आहे गड्याची!" ती छाती माझी होती, पण मला कोण विचारतो?

आतली गोष्ट मात्र मलाच ठाऊक होती. थोरल्यांचे काळीज असे धडधडे, की माझा सगळा लगदा थरथरे. त्यांनी ते कधी कुणाला सांगितले नाही.

पुढे त्यांचे गुडघे थकले. मी पेटीत पडून राहिले, उंदरांनी माझी कड कुरतडली. मग एक दिवस पेटी उघडली आणि त्यांच्या मुलाने, धाकट्याने, मला अंगावर चढवले. तो अंगाने भरलेला, पट्टे मात्र बापाच्याच भोकांवर. त्याचा श्वास अर्ध्यावर अडे. प्रत्येक प्रयोगाला माझे पट्टे करकरत.

एका संध्याकाळी प्रयोगाआधी तो श्वास सोडून उभा राहिला. थोरले पट्टा खेचत म्हणाले, "अजून थोडं. वीराची छाती आहे, चेष्टा नाही." मी तुटले तर भर नाटकात त्याची फजिती, टिकले तर तो कोसळणार. इकडे आड, तिकडे विहीर! तेवढ्यात घंटा झाली.

"बाबा, जीव घाबरतोय. एक भोक सोडा ना."

आईचे काम करणाऱ्या बाई पदर सावरता सावरता थांबल्या. थोरले चिडून म्हणाले, "आता बोलायचं नसतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस बोललो नाही."

थोरल्यांचा हात बकलावर थांबला. मला वाटले, आता खेचतात! पण त्यांनी माझ्या कडेखालून हात आत सरकवला आणि मुलाच्या छातीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"माझंही असंच व्हायचं," ते हळूच म्हणाले. "रोज."

"मग सांगितलं का नाही?"

"बोलायचं नसतं ना."

त्यांनी बक्कल एक भोक सैल केले. त्या प्रयोगात वीराची छाती जरा बेताचीच दिसली, कुणीतरी फिदीफिदी हसलेही. पण त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

मित्रांनो, मला ओलीपासून आणि उंदरांपासून जपा, एवढे मागणे आहेच. पण कुणाला माझ्यासारखे काही चढवाल, तेव्हा पट्टे आवळण्याआधी त्याला विचारा. आणि "मला काय होतंय!" असे तो म्हणाला, तरी एकदा हात आत घालून पाहा.